उकंडा मिस्त्रीचं कमी व्होल्टेज

मुकुटबनच्या बसस्टँडवरून गावात शिरलं की डाव्या हाताला टिनाच्या छपराचं एक दुकान लागतं. त्याची भिंत वाचल्याशिवाय कुणालाही पुढे जाता येत नाही, कारण तिच्यावर लाल ऑइलपेंटने हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं आहे: 'लो व्होल्टेजवर मोटार चालवू नये. जळाल्यास मिस्त्री जबाबदार नाही.' आणि खाली, सही ठोकावी तसं, 'उकंडा मिस्त्री'.

हा उकंडा मिस्त्री म्हणजे जळलेल्या मोटारीचं वायंडिंग करणारा, म्हणजे आतली तार नव्याने भरून देणारा माणूस. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आजीने याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नावही तेच ठेवलं. घरात बाबासाहेबांचा फोटो आला होता, दीक्षा होऊन काही वर्षं झाली होती, पण आजीला धोका पत्करायचा नव्हता. या नावाची लाज उकंडाला कधी वाटली नाही. उलट पंचक्रोशीत दुसरा उकंडा मिस्त्री नसल्यामुळे चिठ्ठीवर गावाचं नाव नसलं तरी मोटार बरोबर त्याच्याच दारात येऊन पडायची.

काम तो वणीला फुलचंद मिस्त्रीच्या हाताखाली शिकला. फुलचंदने त्याला तीन गोष्टी दिल्या. पहिली, मोटार तापली किती हे तळहात टेकवून आकडे मोजत ओळखायचं. दहापर्यंत हात टिकला तर ठीक, पाचाला उचलावा लागला तर आत गडबड, आणि दोनाला उचलला तर मालकाला आधी पाणी प्यायला द्यायचं, मग सांगायचं. दुसरी, सकाळच्या गारव्यात तपासलेली मोटार गिऱ्हाइकाला द्यायची नाही. दुपारी दोनच्या उन्हात चालली तरच ती चालली. तिसरी, कॉइलला तारेचे वेढे किती दिले तो आकडा कुणाला सांगायचा नाही. बायकोला सुद्धा नाही. फुलचंद स्वतः वेढे मोजताना ओठ हलवायचा नाही, कुणी वाचेल म्हणून.

उकंडाने तिन्ही नियम जन्मभर पाळले आणि चौथा स्वतःचा जोडला, तो भिंतीवर लिहिला. कमी व्होल्टेज हा त्याच्या मते माणसाचा आणि मोटारीचा सर्वांत मोठा वैरी. व्होल्टेज पडलं की मोटार घुमते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. मोटार न आणलेल्यांनाही सांगे. नेरड रस्त्यावरचे रामराव, ज्यांच्या मोटारी उकंडाने चार वेळा भरल्या, ते तर दुकानात पाय टाकतानाच म्हणायचे, "मिस्त्री, आज कीर्तन नको, माह्यी मोटार व्होल्टेजनंच जळली हे मले मान्य हाये."

त्याच दुकानाच्या पुढच्या अर्ध्यात, कापडी पडद्याअलीकडे, उकंडाची मुलगी ममता ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र चालवायची. बी.ए. झालेली, बोटं वाऱ्यासारखी चालणारी, आणि हट्टात बापाला भारी. भिंतीवर आपलंही नाव रंगवून द्या, एवढं तिचं दोन वर्षांपासून मागणं होतं. उकंडा म्हणायचा, जागा कुठं हाये? भिंत पाहिली तर जागा भरपूर होती, फक्त ती उकंडाच्या सहीखाली होती. शेवटी ममताने केंद्राचं नाव कागदावर छापून दाराला चिकटवलं आणि ते उन्हाने महिन्याभरात पांढरं झालं.

केंद्रातला कॉम्प्युटर हे गावातलं एक आश्चर्य होतं. ममताची आई कांताबाई, तिच्या बहिणीचा मुलगा धम्मरत्न पुण्याला कंपनीत होता आणि रात्रंदिवस गेम खेळायचा. त्याने नवीन मशीन घेतलं आणि जुनं मावसबहिणीला पाठवून दिलं. त्याला काचेची बाजू होती आणि आतले पंखे लाल, निळे, हिरवे लुकलुकायचे. पहिल्या दिवशी रामरावांनी कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "ममता, हे सातबारा देते का वरातीत नाचते?" धम्मरत्नने ते मशीन गेमसाठी पळवायला म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज आणि वेग दोन्ही वाढवून ठेवले होते. पुण्याच्या एसीत ते पळायचंही. मुकुटबनच्या टिनाखाली, मे महिन्यात, त्याचं काय होणार हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

साल लॉकडाऊनचं. कापूस खरेदी मधेच थांबली होती आणि गावातल्या घराघरांत कापूस छतापर्यंत साचला होता. इंदुताईंच्या घरी तर आत फक्त कापूस राहायचा आणि माणसं ओसरीवर. कापसातले किडे चावून लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली. मग कळलं की खरेदी पुन्हा सुरू होणार, पण ज्याची ऑनलाइन नोंदणी झाली त्याचाच कापूस घेणार. तालुक्यातून ममताच्या केंद्राला काम मिळालं, आसपासच्या गावांसकट. मुदत शनिवार दुपारी तीनपर्यंत. सोबत एक तंबीही आली: केंद्र रोज बंद पडत असेल तर काम दुसऱ्या गावाला दिलं जाईल. आणि एकदा गेलेलं काम परत येत नाही, हे ममताला कुणी सांगायची गरज नव्हती.

सोमवारी बाराच्या सुमारास कॉम्प्युटर बंद पडला. थंड झाल्यावर सुरू झाला, वीस मिनिटांनी पुन्हा बंद. मंगळवारी तेच. बाहेर तोंडाला दुपट्टे बांधलेली माणसं कडुनिंबाच्या सावलीत अंतर राखून बसली होती आणि अंतर राखून शिव्या देत होती. ममताने डेझर्ट कूलर मशीनकडे वळवला, पण ओल्या हवेबरोबर काचेवर पाण्याचे तुषार उडाले तेव्हा घाबरून परत फिरवला. दुरुस्तीवाला वणीहून यायला तयार नव्हता. रस्त्यात पोलीस होते.

उकंडा पडद्यामागून हे सगळं पाहत होता. जगातली कुठलीही तापलेली वस्तू आपल्या हाताखालून गेल्याशिवाय थंड होत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत. बुधवारी ममता जेवायला गेली तेव्हा त्याने काचेची बाजू काढली. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत कापसाची बारीक लव गच्च बसली होती, गोधडीत भरावी तशी. ती त्याने मोटारीच्या ब्लोअरने उडवली. इथवर फार छान. इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्याने पट्ट्यांवर तळहात ठेवला, तो तीनाला उचलावा लागला, आणि मिस्त्रीने मनाशी निदान केलं: हे उपाशी आहे.

ममता फोनवर धम्मरत्नशी बोलत बोलत त्या निळ्या पानावर कशी जाते, हे त्याने दोनदा पाहिलं होतं. मशीनची मापं ठरवायचं ते पान, त्याला बायोस वगैरे म्हणतात. इंग्रजी उकंडाला येत नव्हतं, पण मोटारीच्या पाटीवरचे चार शब्द तो झोपेतही वाचायचा, आणि त्यातला एक व्होल्टेज. तो त्या पानावर सापडला. पुढे आकडा होता वन पॉइंट फोर. एवढ्याशा अन्नावर कोण जगेल? उकंडाने तो हळूच वाढवला आणि पडद्यामागे जाऊन तार गुंडाळू लागला.

त्या दुपारी कॉम्प्युटर वीस मिनिटं नाही, सहा मिनिटं चालला.

"बाबा," ममताने पडदा सरकवला. "तुमी हात लावला का याले?"

"म्या? मी कायले लावू?"

ममताने पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. धम्मरत्न म्हणाला, "जयभीम मावसा. व्होल्टेज वाढवलं का तुमी?"

"उपाशी होतं थे," उकंडा म्हणाला. खोटं बोलणं त्याला एका वेळी एकच जमायचं. "कमी व्होल्टेजनं गरमच होनार ना."

"मावसा, याचं व्होल्टेज कमी करा लागते."

उकंडाला कुणी आजवर इतकं अभद्र बोललं नव्हतं, तेही नात्यातल्या पोराने.

"मोटारीच्या डोक्यावर पान्याचं वजन असते," धम्मरत्न सांगू लागला. "तिले व्होल्टेज कमी देलं तं थे वजन उचलाले जास्त करंट ओढते अन् जळते. याच्या डोक्यावर काईच वजन नाई. जेवढं द्यान तेवढं घेते, अन् नको असलेलं गरम करून बाहेर फेकते. मी गेमसाठी वाढवून ठेवलं, ते चुकलंच माह्यं. वेग चिमूटभर कमी करा, अन् व्होल्टेज पायरी पायरीनं खाली आना. पडला की एक पायरी वर. मंग पाहा, तापनार बी नाई अन् फॉर्म बी झपझप निघतीन. आता तापल्यावर थो सोताच हळू चालते."

"पुन्याची हवा लागली याले," उकंडा म्हणाला आणि बाहेर निघून गेला. घरी कांताबाईने ताट वाढलं. "पोरीचं मशीन बिघडवलं नं? आता जेवा पोटभर," एवढंच ती म्हणाली, आणि त्याने ताट तसंच बाजूला सारलं. पोरीच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम आपल्या हाताने घालवलं, हे त्याला कळून चुकलं होतं. फक्त ते तोंडाने म्हणायची सवय नव्हती.

गुरुवारी पहाटे तो दुकानात गेला आणि मोटारी तपासायचा डिमरस्टॅट काढला. व्होल्टेज कमीजास्त करायचं ते यंत्र. एका बाजूला त्याने साधा बल्ब लावला, दुसऱ्या बाजूला वजन लावलेली छोटी मोटार, आणि व्होल्टेज हळूहळू खाली आणलं. मोटार घुमू लागली, अडली, तिच्यावर हात चाराच्या पुढे टिकेना. बल्ब मात्र मंद होत होत गार पडला. दोन्ही गोष्टी त्याला तीस वर्षं ठाऊक होत्या. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. तो बराच वेळ त्या बल्बकडे पाहत राहिला, आणि पाहताना त्याला आपल्या भिंतीची आठवण येऊन थोडी लाज वाटली.

ममता आली तेव्हा तो तिच्या खुर्चीवर बसलेला होता. "करून पाहू," तो म्हणाला. "पन दोन अटी. गावात कोनाले समजलं नाई पायजे. अन् आकडा मी ठरवीन, मीच टाकीन."

"काहून?"

"मापाचा आकडा सांगत नसते. धंदा हाये."

ममता हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने फक्त कोणतं बटन कशाचं ते दाखवलं, मशीनवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम लावून दिला, आणि बाजूला झाली. आणि मग तिने पाहिलं की आपला बाप या कामात किती चांगला आहे. आधी वेग चिमूटभर कमी. मग व्होल्टेज एक पायरी खाली. ताणाचा प्रोग्राम. पट्ट्यांवर तळहात, डोळे मिटलेले. चार. पुन्हा एक पायरी. पाच. कुठे घाई नाही, कुठे दोन पायऱ्या एकदम नाहीत. स्क्रीनवर तापमान दिसत होतं, पण त्यावर उकंडाचा विश्वास नव्हता. तो आपला हात टेकवे आणि ममता स्क्रीनवर पाहे, आणि दोघांचं जुळे. लहानपणी ती आकडे अशीच शिकली होती, मोटारीवर हात ठेवून. शाळेत बाईंनी दहापर्यंत मोज म्हटलं तर हिने भिंतीला हात लावून मोजलं होतं. ती आठवण तिने काढली नाही. काढली असती तर दोघांनाही रडू आलं असतं, आणि फॉर्म राहिले असते.

साडेदहाला मशीन सुरळीत चालत होतं. "झालं?" ममताने विचारलं.

"सकाळी तपासलेलं मी देत नाई," उकंडा म्हणाला.

ममता फॉर्म भरत राहिली आणि दोन वाजता, सेहेचाळीस अंशांत, त्याने पुन्हा ताण लावला. स्क्रीन निळी होऊन मशीन पडलं. सकाळचा आकडा दुपारच्या उन्हाला पुरत नव्हता. फुलचंद खरा ठरला, याचा उकंडाला इतका आनंद झाला की मशीन पडल्याचं दुःखच झालं नाही. त्याने एक पायरी वर नेली, पाठ फिरवून, ममताला दिसू नये म्हणून खांदा आडवा धरून. पुन्हा ताण. तळहात. आठ, नऊ, दहा. हात तिथेच होता.

शुक्रवारभर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. लाल-निळे दिवे लुकलुकत होते आणि फॉर्म खरंच झपझप निघत होते. रामरावांनी विचारलं, "मिस्त्री, काय जादू केली?" उकंडा म्हणाला, "साफसफाई." आणि सवयीने पुढे जोडलं, "व्होल्टेज नीट पायजे माणसाले." ममताने स्क्रीनमागे तोंड लपवलं.

शनिवारी सव्वादोनला गावातले सगळे कूलर एकदम चालू होते आणि व्होल्टेज इतकं पडलं की ट्यूबलाइट नुसती फडफडू लागली. बाहेर अजून अकरा माणसं होती, इंदुताई सर्वांत पुढे. उकंडा फोन चार्जिंगला टाकून तडक डीपीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या खांबाकडे धावला. सोनू लाइनमन आलाच होता. फ्यूज बदलताना लाइन आली, गेली, आली, गेली. ममताच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच म्हातारी झाली होती. कॉम्प्युटर तीनदा अर्ध्यावर पडला, आणि चौथ्यांदा उठला तेव्हा सगळी मापं विसरून कंपनीच्या मूळ मापांवर गेला होता. असं होऊ शकतं हे धम्मरत्नने सांगितलं होतं. ती मापंही टिनाखालच्या उन्हाला जास्तच होती, त्यात कूलर मंदावलेला; सहा-सात मिनिटांत मशीन तापून बंद पडलं. घड्याळात दोन चौतीस.

ममताने बापाला फोन लावला. फोन तिच्या शेजारीच वाजला.

ती दारात आली. साठ-सत्तर पावलांवर, डीपीपाशी, कामासाठी बंद ठेवलेल्या दुसऱ्या तारेखाली उकंडा शिडीचा पाय दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि वर सोनू. शिडी सोडली तर सोनू खाली. उकंडा वर तोंड करून ओरडत होता, "व्होल्टेज वाढव रे बाबू! दोनशेच्या खाली नको ठेवू!" अकरा माणसं कौतुकाने मान डोलवत होती. मिस्त्री आपल्या जागी होता.

"बाबाऽ," ममता ओरडली, "आकडा सांगा! मशीन विसरलं!"

उकंडाने मान वळवली. सगळ्यांनी वळवली.

"येतो! दहा मिनिटं!"

"दहा मिनिटं नाई आपल्यापाशी! आकडा सांगा!"

उकंडाने एकदा वर सोनूकडे पाहिलं, एकदा निंबाखालच्या माणसांकडे. त्यात रामराव होते. मग त्याने ममताकडे पाहिलं. ती दाराची चौकट धरून उभी होती, आणि तो चेहरा त्याने तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता.

फुलचंद मिस्त्री, माफ कर, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असेल.

"कमी कर!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "व्होल्टेज कमी कर! वन पॉइंट वन सेव्हन फाइव्ह! लय कमी कर, ममता! वेग सदतीस!"

ममता आत पळाली. निंबाखालच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रामराव सावकाश उठले, दुपट्टा तोंडावरून खाली केला, भिंतीकडे गेले आणि ती हातभर अक्षरं त्यांनी बोटाने एकेक करत, मोठ्याने, जन्मात पहिल्यांदा वाचत असल्यासारखी वाचली. शिडीचा पाय धरलेल्या माणसाला कान झाकायला हात मोकळे नव्हते.

दोन एकोणसाठला अकरावा फॉर्म गेला. इंदुताईंनी पावती पदराला गाठ मारून बांधली आणि निघताना ममताच्या गालावरून हात फिरवला. उकंडा परत आला तेव्हा केंद्र रिकामं होतं. ममता खुर्चीवर मागे टेकून बसली होती, एक तळहात मशीनच्या काचेवर ठेवून. त्याने विचारलं नाही, तरी ती म्हणाली, "दहा. वरून अजून दहा."

पुढचे आठ दिवस रामरावांनी गावाला वेठीस धरलं. चहा गार आला तर म्हणत, याचं व्होल्टेज मिस्त्रीने ठरवलं. जावई अबोल निघाला तरी तेच. उकंडाने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. नवव्या दिवशी सकाळी त्याने वॉर्निशचा ब्रश घासलेटात धुतला, लाल रंगाचा उरलेला डबा काढला आणि स्टूल घेऊन बाहेर गेला. ममता आत फॉर्म भरत होती. कांताबाईने विचारलं, काय पुसता? तो म्हणाला, पुसत काईच नाई.

दुपारी रामराव आले आणि भिंतीपाशी थबकले. वरची अक्षरं होती तशीच होती, मोटारीची, हातभर उंच. उकंडा मिस्त्री या सहीखाली, जिथे दोन वर्षं जागा नव्हती, तिथे ओला रंग चकाकत होता. रामराव मोठ्याने वाचायला लागले आणि अर्ध्यात त्यांचा आवाज खाली आला.

'कॉम्प्युटरला व्होल्टेज कमीच द्यावं. किती, ते ममता मिस्त्रींना विचारावं.'